आजीचं वडगाव

पुतण्याच्या जात पडताळणीसाठी वंशावळ लागली आणि माझ्या चुलतभावाने ती प्रतिज्ञापत्रावर नीट आखून आणली. खापरपणजोबांपासून पुतण्यापर्यंत सहा पिढ्या, तेवीस नावं, सगळी पुरुषांची. पडताळणीला बापाकडचीच नाती लागतात, त्यामुळे कागदात चूक काही नव्हती. पण रात्री जेवणं झाल्यावर तो कागद घेऊन बसले आणि आजोबांच्या नावाशी अडले. त्यांच्याशेजारी आजीचं नाव मला लिहिता आलं असतं. तिच्या बापाचं नाव? ते मला माहीत नव्हतं. घरात विचारलं, तर कुणालाच माहीत नव्हतं. जिच्या कुशीत मी दहा वर्षांची होईपर्यंत झोपले, ती कुणाची मुलगी हे सांगणारं आमच्याकडे कुणी उरलं नव्हतं.

बाबा म्हणाले, "आई वडगावची."

कुठल्या वडगावची?

"वडगाव म्हणजे वडगाव. लहानपणी दोनदा गेलोय. पहाटे गाडी जुंपायची, दिवस मावळताना पोचायचं. मधे नदी लागायची, बैल पाण्यात घालायला लागायचे." मग थोडं थांबून म्हणाले, "दिवाळीला तिकडून एक माणूस आईचं लुगडं घेऊन यायचा. बहात्तरच्या दुष्काळापासून तेही बंद झालं."

आत्या ८३ वर्षांची. तिला आजोळचा सोपा, दारातला लिंब, परड्यातली विहीर सगळं आठवत होतं. नावं विचारली की मात्र "थोरला मामा, धाकटा मामा, आजा." आज्याला स्वतःचं नाव असतं आणि ते पुढे कुणी आपल्याला विचारील, हे त्या वयात तिच्या मनातही आलं नसणार. आडनाव तेवढं पक्कं ठाऊक होतं. पण ते आमच्या भागात दर चार गावांआड सापडतं.

मी इथे नावं लिहीत नाही, आणि शेवटी सापडलेलं वडगाव नेमकं कोणतं तेही सांगत नाही. तिथे आजही आजीच्या भावांची मुलंनातवंडं राहतात, जमीन कसतात. त्यांना चव्हाट्यावर आणायचा मला हक्क नाही. एवढंच सांगते की आजीचं माहेरचं नाव एका नदीचं होतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने जे नाव लिहिलं गेलं, ते एका देवीचं. आम्ही तिला देवीच्याच नावाने ओळखायचो. नदीचं नाव फक्त आत्याला माहीत होतं, कारण मामा तिला त्या नावाने हाक मारायचे.

वडगावं मोजायला बसले तेव्हा धीर सुटायची वेळ आली. फक्त पुणे आणि नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, एवढ्या दोन जिल्ह्यांत वडगाव मावळ, वडगाव निंबाळकर, वडगाव रासाई, वडगाव आनंद, वडगाव कांदळी, वडगाव काशिंबेग, वडगाव पीर, वडगाव बांडे, वडगाव दर्या, वडगाव सावताळ, वडगाव गुप्ता, वडगाव पान, वडगाव लांडगा. ही माझ्या वहीतली सगळी नावंही नाहीत. नदी आणि बैलगाडीचा एक दिवस, एवढ्याच दोन खुणा हातात होत्या. भरल्या गाडीने दिवसभरात नऊ-दहा कोस जमिनीवर कापले जात असतील असं धरून मी आमच्या गावाभोवती नकाशावर एक वर्तुळ काढलं. पाच वडगावं आत राहिली.

पहिला लेखी पुरावा घरातच होता, माळ्यावर. आमच्याकडे जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत काढायची कुणाची छाती झाली नाही, याबद्दल मी आईची कायमची ऋणी आहे. एका हंड्याच्या काठाखाली बारीक ठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं होती. चिंच लावून घासल्यावर ती उमटली: आधी "चि. सौ. कां.", मग नदीचं नाव, मग तीन आद्याक्षरं आणि "यांजकडून", शेवटी "वैशाख शके १८५६, वडगांव". लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायची आपल्याकडची रीत किती उपयोगाची आहे, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शकात ७८ मिळवले की वैशाखासाठी इसवी सन मिळतो. म्हणजे लग्न १९३४ च्या उन्हाळ्यातलं. तीन आद्याक्षरांतलं शेवटचं आजीच्या माहेरच्या आडनावाचं होतं. उरलेली दोन देणाऱ्याची आणि त्याच्या बापाची. पण देणारा तिचा बाप होता, चुलता होता की भाऊ, ते हंडा सांगत नव्हता. जो कुणी असा शोध सुरू करील, त्याने कचेरीची पायरी चढण्याआधी घरातलं प्रत्येक भांडं उलटं करून बघावं.

यानंतर काही महिने मी सासरकडच्या कागदांत घालवले, आणि ते जवळजवळ वाया गेले. आजीची मृत्यूची नोंद १९९१ ची, तिच्यात नवऱ्याचं नाव. रेशनकार्डावर, मतदार यादीत नवऱ्याचं नाव. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी तयार झालेलं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर काही तालुक्यांत अजून जपलेलं आहे. आमच्या गावाचं मिळालं, त्यात आजी होती, वय ३०, आणि पुढे नवऱ्याचं नाव. जुन्या महसुली कागदांत पुरुषाच्या नावापुढे "बिन" येतं, म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे "कोम" येतं, म्हणजे अमक्याची बायको. एका शब्दाने पुरुषाची मागची पिढी उघडते. दुसऱ्या शब्दाने बाईची मागची पिढी बंद होते. आजी जिथे जिथे सापडली तिथे तिथे "कोम"च्या अलीकडे होती. या सगळ्या धावपळीत हाती लागलं ते फक्त वय, आणि तेही अंदाजाने सांगितलेलं.

वाट सापडली ती आत्याच्या एका वाक्यामुळे. थोरल्या काकांबद्दल काहीतरी चाललं होतं, आणि ती सहज म्हणाली, "दादा तर वडगावलाच झाला, पहिलं बाळंतपण ना." मी ते आधी दहा वेळा ऐकलेलं असणार. त्या दिवशी मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत ज्या घराने पाळली त्या घरातल्या थोरल्या मुलाच्या कागदांवर आईचं माहेर नोंदलेलं असतं. कुणी मुद्दाम नोंदवत नाही. जन्मस्थळाच्या रकान्यात ते आपोआप येऊन बसतं.

काकांच्या प्राथमिक शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टर काढून दिलं, आणि १९४३ च्या पानावर काका सापडले. जन्मतारीख १ जून १९३७, अंकी आणि अक्षरी. जन्मस्थळ वडगाव, आणि त्याच्यापुढे तालुका. मी निर्गम उताऱ्याची नक्कल मागितली आणि बाकावर बसून राहिले. तालुका कळला होता! वर्तुळातल्या पाच वडगावांपैकी दोन त्या तालुक्यात होती.

जन्मतारखेवर मात्र माझा विश्वास बसला नाही. त्या पानावरच्या एकतीस मुलांपैकी सतरा मुलं १ जूनला जन्मलेली होती. गुरुजी गावात फिरून पोरं गोळा करायचे, आईबापाला तारीख सांगता यायची नाही, मग शाळा सुरू होते त्या महिन्याची पहिली तारीख टाकून द्यायची. त्या पिढीच्या माणसांचे वाढदिवस एकाच दिवशी येतात ते यामुळेच. म्हणून काकांच्या जन्मासाठी एक वर्ष अलीकडचं आणि एक पलीकडचं, असं दोन्ही बाजूंनी बघायचं ठरवलं.

मधल्या काळात मी नाशिकला जाऊन आले. आजोबा १९६८ मध्ये गेले, तेव्हा अस्थी घेऊन थोरले काका नाशिकला गेले होते, हे बाबांना पक्कं आठवत होतं. पंचवटीत रामकुंडाजवळ तीर्थोपाध्यांची घरं आहेत. कुठल्या तालुक्याचे, कुठल्या आडनावाचे यजमान कुणाकडे, हे तिथे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं असतं. दोन ठिकाणी विचारल्यावर आमचे उपाध्ये सापडले. आडनाव आणि गाव सांगितलं. त्यांनी आतून लाल कापडात बांधलेलं बाड आणलं आणि दहाएक मिनिटांत १९६८ चं पान उघडून माझ्यासमोर धरलं. काकांचं अक्षर मी ओळखलं. ते माझ्या लहानपणी मला पोस्टकार्डं पाठवायचे, तेच तिरपं अक्षर. आजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं, आज्याचं, भावांची, मुलांची नावं, मूळ गाव. एवढं मला अपेक्षित होतं. पण खाली दोन ओळींत वेगळ्या शाईने, बहुधा उपाध्यांच्याच हाताने लिहिलं होतं: "मातामह", आणि पुढे दोन नावं.

उपाध्यांनी समजावून सांगितलं. तीर्थश्राद्धात कर्त्याच्या बापाकडच्या तीन पिढ्यांना पिंड देतात, तसे आईच्या बापाकडच्याही तीन पिढ्यांना देतात. त्यामुळे श्राद्ध करणाऱ्याला आईच्या बापाचं नाव सांगावंच लागतं. काकांना दोनच पिढ्या सांगता आल्या असाव्यात, तिसऱ्याच्या जागी काही लिहिलेलं नव्हतं. मी हंड्यावरची आद्याक्षरं वहीत उतरवून नेली होती. जुळली. हंडा आजीच्या बापानेच दिला होता. सरकारदरबारी तिला बाप नव्हता, धर्मकार्यात मात्र त्याच्या नावाने पिंड पडला होता, आणि त्यामुळे त्याचं नाव उरलं होतं. मी देवाधर्माचं फार करणारी नाही. त्या दिवशी त्या बाडाला हात लावून नमस्कार केला.

आता तालुका होता, पणजोबांचं नाव होतं, त्यांच्या बापाचं नाव होतं. पुढची जागा म्हणजे तहसीलच्या अभिलेख कक्षातली कोतवाल बुकं. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की त्याची नोंद गावकामगाराच्या वहीत व्हायची. ती जन्म-मृत्यूची वही म्हणजे गाव नमुना १४, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू होण्याआधीचं खेड्यातलं माणूस शोधायचं तर सहसा इथेच शोधावं लागतं. कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला. पहिल्या खेपेला संबंधित कर्मचारी रजेवर, दुसऱ्या खेपेला किल्ली नाही, तिसऱ्या खेपेला गठ्ठा आला पण दुसऱ्याच गावाचा. चौथ्या खेपेला एका वडगावची बुकं मिळाली. उघडली आणि एक अक्षर वाचता येईना. मोडी.

शाळांतून मोडी बाहेर गेली १९५० च्या सुमारास, म्हणजे बाबांच्या पिढीलाही ती शिकवली गेली नाही. अलीकडे, विशेषतः २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली गेल्यापासून, मोडी वाचणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. मला कुणी वेळ देईना. शेवटी मीच शिकायचं ठरवलं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात, पुराभिलेख विभागही घेतो. मी एक वर्ग केला आणि मग घरी रोज रात्री तासभर सराव. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, लेखणी उचलायची नाही म्हणून अक्षरं एकमेकांत वळतात. पण कोतवाल बुकातली मोडी पेशवे दफ्तरातल्या मोडीसारखी अवघड नसते. रकाने ठरलेले, शब्द तेच तेच. आधी आकडे पक्के करावेत, मग आपल्याला हव्या असलेल्या दोन-तीन नावांची वळणं शंभर वेळा गिरवावीत. बाकीचं पान वाचता आलं नाही तरी ते नाव दिसल्याबरोबर डोळा तिथे अडकतो. चार महिन्यांनी मी परत गेले.

पहिल्या वडगावात पणजोबांचं नाव नव्हतं. दुसऱ्या वडगावच्या बुकात जून १९३७ पासून पुढे बोट फिरवत गेले. जानेवारी १९३८ च्या पानावर आजोबांचं नाव दिसलं. माझ्या आजोबांचं नाव, त्यांच्या गावापासून दहा कोस लांबच्या गावाच्या वहीत! बापाच्या नावाचा रकाना: आजोबा. मुलगा. शेऱ्यात "यांचे घरी" आणि त्याआधी पणजोबांचं नाव, बिन, त्यांच्या बापाचं नाव. नाशिकच्या बाडातली दोन्ही नावं. गाव सापडलं होतं. तिथल्या बाईंनी मला पाणी आणून दिलं, कारण मी रडत होते आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

गाव कळल्यावर आजीचा जन्म शोधायचा होता. आजी सांगायची, "मानमोडी सरली, त्याच्या दुसऱ्या वर्षी जोंधळ्याच्या काढणीत मी झाले." मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. म्हणजे जन्म १९२० च्या सुरुवातीचा असायला हवा. मी तरीही १९१८ पासूनच वाचायला घेतलं, आणि त्या पानांपाशी बराच वेळ थांबावं लागलं. त्या वडगावात एरवी महिन्याला दोन-तीन मृत्यू. सप्टेंबर १९१८ च्या शेवटापासून ओळीमागून ओळ. ऑक्टोबरची पानं भरून कडेच्या मोकळ्या जागेत आडव्या नोंदी केलेल्या. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. एका जागी तर फक्त दोन टिंबं, म्हणजे वरीलप्रमाणे. एकाच घरातली तीन माणसं दोन दिवसांत. मग अक्षर अचानक बदलतं, आणि पुढे तेच नवं अक्षर राहतं. आधी लिहिणाऱ्याचं काय झालं असेल, तो विचार मी तिथेच सोडला. मुंबई इलाख्यात त्या साथीने दहा लाखांच्या वर माणसं नेली हे वाचलेलं होतं. एका गावाच्या वहीत त्या माणसांची नावं एकेक करून वाचणं फार जड जातं.

त्या नोंदींत पणजोबांच्या घरची एक होती. "मुलगी, वय २ वर्षे, ताप." नाव नाही. म्हणजे आजीच्या आधी एक बहीण होती. आजीने कधी तिचा उल्लेख केला नव्हता. कदाचित तिला माहीतच नसेल.

२३ फेब्रुवारी १९२०. बापाच्या रकान्यात पणजोबा. "मुलगी." एवढंच. बारशाच्या आधी नोंद होत असल्यामुळे बाळाचं नाव बहुतेक नोंदींत नसतं. त्यानंतर १९२३ आणि १९२७ ला आणखी दोन मुली. आजी तिघींत थोरली, हे आत्याला माहीत होतं, आणि जोंधळ्याची काढणी फेब्रुवारीतच असते. १९५१ च्या रजिस्टरातलं ३० हे वयही जवळपास बसलं. लग्न १९३४ च्या वैशाखात, म्हणजे तेव्हा आजीला चौदा पुरी होऊन थोडेच महिने झालेले. मुलीचं वय किमान चौदा हवं असं सांगणारा शारदा कायदा एप्रिल १९३० पासून लागू झालेला. पणजोबांनी मुद्दाम चौदा पुरी होऊ दिली असतील का? मला तसं मानायला आवडतं.

इथे थांबले असते तरी वंशावळ पूर्ण झाली असती. पण नोंद नुसती "मुलगी" अशी होती. नदीचं नाव आणि पणजोबांचं नाव एकाच कागदावर मला बघायचं होतं. मी फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, शोधायला लागले. पणजोबा वारले १९५९ मध्ये. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलींना वारस केलं होतं, म्हणून १९६० च्या वारस नोंदीत तलाठ्याला मुलींची नावं लिहावी लागली. पणजोबा आणखी पाच वर्षं आधी गेले असते, तर बायको आणि दोन मुलगे एवढीच नावं चढली असती. फेरफारात मयताची बायको, दोन मुलगे, आणि मग "मुली, लग्न झालेल्या": पहिलं नाव नदीचं, पुढे आमचं गाव. तीन वर्षं मी ज्या ओळीच्या मागे होते ती ओळ हीच. पुढचा फेरफार १९६१ चा होता. तिन्ही बहिणींनी हक्कसोड दिलं, सबब त्यांची नावं कमी केली. आजी बापाची मुलगी म्हणून कागदावर आली आणि दीड वर्षात कागदावरून गेली.

मग मी वडगावला गेले. एकटी, आधी फोन करून. ज्यांनी फोन घेतला ते धाकट्या मामांचे चिरंजीव, बाबांचे मामेभाऊ. बोलणं गोड होतं, पण घरात शिरले तेव्हा सोप्यात सात-आठ पुरुष बसलेले. चहा झाला. मग त्यांनीच विषय काढला. "ताई, तहसीलला तुम्ही फेरफार काढलेत, ते कानावर आलं. कागद कशाला लागले?" मला एकदम कळलं. गेलेल्या आत्याची नात कागद काढत फिरते आहे, म्हणजे जमिनीत हिस्सा मागणार. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. मी हंड्याचा फोटो दाखवला, नाशिकचं सांगितलं, मोडी शिकल्याचं सांगितलं. ऐकत होते, पण चेहरे सैल होईनात. शेवटी त्यांच्यातला एक तरुण मुलगा म्हणाला, "मग तेवढं लिहून देता का, की आमचा दावा नाही म्हणून?" मी म्हटलं, देते. त्याने वही पुढे केली.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. "तिनं दिलं तेवढं बास झालं. हिच्याकडनं कशाला घेताय?"

धाकट्या मामांच्या पत्नी. नव्वदीच्या. भिंतीला धरून उभ्या होत्या. मुलाने वही खाली ठेवली. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, "थोरल्या वन्संचं कपाळ आलंय हिला." आणि नदीचं नाव घेतलं. ते नाव मी पहिल्यांदाच अशा माणसाच्या तोंडून ऐकलं, ज्याने तिला त्या नावाने पाहिलं होतं.

त्यांनी लोखंडी पेटी मागवली. तिच्यात कापडात गुंडाळलेलं मूळ हक्कसोडपत्र होतं. शेवटी तीन अंगठे, एकाखाली एक, प्रत्येकाच्या बाजूला "निशाणी डाव्या हाताचा अंगठा" आणि नाव. आजीचा वरचा. शाई जास्त लागल्यामुळे एका कडेला फासली गेली होती. मी फोटो काढू का विचारलं. "काढ की," त्या म्हणाल्या.

मग मी लुगड्याचं विचारलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. "बहिणींनी हिस्सा सोडला, तर दरसाल दिवाळीला लुगडं द्यायचं, हे सासूबाईंनी आम्हाला सांगून ठेवलेलं. अकरा वर्सं दिलं. बहात्तरला खायला नव्हतं. मालक खडी फोडायला जायचे. ते साल चुकलं. दुसऱ्या साली जायचं म्हणलं, तर मालकांना लाज वाटली, की एक साल चुकलं, आता काय तोंड घेऊन जाऊ. मग नाहीच गेले. वन्संनी काय मनात धरलं असंल, कुणास ठाऊक."

मला जे माहीत होतं ते मी त्यांना सांगितलं. आजीने आमच्यासमोर माहेरच्यांबद्दल वाईट कधीच काढलं नाही. आणि तिच्या ट्रंकेत शेवटपर्यंत एक हिरवं लुगडं घडी न मोडता ठेवलेलं होतं. ते कुणी दिलं, हे तिने कधी सांगितलं नाही. त्या ऐकून डोळे पुसत राहिल्या.

निघताना त्यांनी माझी ओटी भरली. मी वंशावळीचा नवा कागद बरोबर नेला होता, त्यात आजी आणि तिच्या मागच्या दोन पिढ्या मांडल्या होत्या. तो त्यांच्या सुनेने वाचून दाखवला. पणजीच्या नावाशी आल्यावर मी विचारलं, "सासूबाईंचं माहेर कुठलं?"

"पिंपळगाव," त्या म्हणाल्या.

कुठलं पिंपळगाव, ते त्यांना आठवेना. पण सासूबाई माहेरी जायच्या तेव्हा मुक्काम पडायचा, एवढं त्यांनी ऐकलेलं होतं. म्हणजे दहा कोसांच्या बाहेर. मी ते वहीत लिहून घेतलं.